पहिलं बाळंतपण: आईला रडू येणं कधी नॉर्मल असतं आणि मदत कधी घ्यायची?

बाळ घरी आलं की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पाळण्यात डोकावतो. वजन किती आहे, कोणावर गेलंय, रात्री जागवतं का... सगळे प्रश्न बाळाबद्दलचे. शेजारी बसलेल्या बाळंतिणीला विचारलं जातं ते एवढंच, "दूध येतंय ना नीट?"

नेमकी याच दिवसांत तिच्या शरीरात आणि मनात मोठी उलथापालथ चालू असते. टाके दुखत असतात, सलग झोप मिळत नाही आणि काही कारण नसताना डोळे भरून येतात. एवढं गोड बाळ झालंय, मग रडू का येतंय, या विचाराने तिलाच अपराधी वाटायला लागतं.

बहुतेक जणींचं हे रडू दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. पण ते थांबलं नाही, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. हा फरक कसा ओळखायचा?

पहिल्या दिवसांत रडू का येतं?

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचं प्रमाण खूप वाढलेलं असतं. ती प्रामुख्याने वारेत, म्हणजेच प्लॅसेंटात तयार होतात. बाळंतपणात वार बाहेर पडली की त्यांची पातळी काही दिवसांतच झपाट्याने खाली येते. त्यात बाळंतपणाचा थकवा, अंगातून गेलेलं रक्त आणि जागरण यांची भर पडते.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं, क्षणात हसू आणि क्षणात काळजी, असं सुरू होतं. याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना हा अनुभव येतो. त्याला औषध लागत नाही. झोप, जेवण आणि कोणीतरी समजून घेणारं माणूस एवढं पुरतं.

बाळ रात्रभर का जागवतं?

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं. तरीही आईची झोप होत नाही, कारण ही झोप तुकड्या-तुकड्यांची असते. बाळाला दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात. पोट लहान असल्यामुळे त्याला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. पाजणं, ढेकर काढणं, दुपटं बदलणं आणि पुन्हा झोपवणं यात तासभर जातो. लगेच पुढच्या वेळेची तयारी. बाळाला वाईट सवय लागली, असा याचा अर्थ नाही.

दूध पुरत नाही, ही पहिलटकरणीची दुसरी मोठी धास्ती. पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट, पिवळसर चीक थोडाच असतो, पण त्या दिवसांत बाळाला तेवढाच लागतो. सुरुवातीला बाळाचं वजन १० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय असं समजावं. प्रत्येक वेळी रडलं म्हणजे भूकच लागली, असं नसतं.

सव्वा महिन्याच्या पद्धतीत उपयोगाचं काय?

महाराष्ट्रात पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आणि सव्वा महिना बाळंतिणीला कामाला न लावण्याची पद्धत आहे. विश्रांती, आयतं गरम जेवण आणि हाताशी आई, या तिन्ही गोष्टी खरोखर उपयोगाच्या आहेत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू खायलाही हरकत नाही, पण त्यांच्या जोडीला डाळ, भाजी आणि फळंही हवीत.

काही गोष्टी मात्र बदलायला हव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी ठेवली तर तो धूर आई आणि बाळ दोघांच्याही फुप्फुसांत जातो. बाळंतिणीचं पाणी कमी करणं चुकीचं आहे, कारण पाजणाऱ्या आईला जास्त तहान लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. म्हणजे घुटी, मध किंवा वरचं पाणीही नको.

सव्वा महिना किंवा तीन महिने संपले की ती सासरी किंवा शहरातल्या फ्लॅटवर परतते. माहेरी चार माणसं करत होती ते सगळं आता एकटीवर येतं. नवरा कामावर आणि बाळ कडेवर. डिप्रेशन पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. त्यामुळे माहेरहून परतल्यानंतरच्या काळात घरच्यांनी जास्त लक्ष द्यायला हवं.

डिप्रेशन कसं ओळखायचं?

भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के मातांना प्रसूतीनंतर डिप्रेशन येतं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये डिप्रेशन आढळलं होतं. गरिबी आणि नवऱ्याशी ताणलेले संबंध यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगा हवा असताना मुलगी झाली, तर धोका आणखी वाढत होता. म्हणजे हा प्रश्न आईच्या 'कमकुवत मनाचा' नाही. तिच्या आजूबाजूला काय चाललंय, याचाही तो आहे.

दोन आठवड्यांनंतरही पुढील गोष्टी दिसत असतील तर डॉक्टरांना भेटावं:

- दिवसातला बराच वेळ उदास वाटणं, कशातच मन न लागणं
- बाळ झोपलं असतानाही झोप न येणं
- भूक मरणं
- बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा सतत टोकाची भीती वाटणं
- 'मी चांगली आई नाही' हा विचार पाठ न सोडणं

तपासणीसाठी डॉक्टर १९८७ मध्ये तयार झालेली 'एडिनबर्ग' प्रश्नावली वापरतात. त्यात मागच्या सात दिवसांबद्दलचे १० सोपे प्रश्न असतात. उपचारात समुपदेशन असतं आणि गरज पडली तर औषधं. पाजणाऱ्या आईला चालतील अशीही औषधं आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू किंवा बंद करावीत.

वाट बघू नये, असं कधी?

स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, झोप जवळपास थांबली असेल किंवा बोलणं असंबद्ध झालं असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. अशा वेळी तिला आणि बाळाला एकटं सोडू नये. हा दुर्मीळ पण गंभीर आजार हजारात एक-दोन मातांना होतो. 'बाहेरची बाधा' समजून वेळ घालवणं धोक्याचं ठरतं.

तासाभरात पॅड पूर्ण भिजण्याइतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरी सुजून दुखणं, तीव्र डोकेदुखी, धाप लागणं, ही शरीराची धोक्याची लक्षणं आहेत. यातही थांबू नये.

मदत कुठे मिळते?

गावात आशा ताई घरी येतात. हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी ठरलेल्या असतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत करून दाखवलं, आणि २०११ पासून ते देशभर लागू झालं. या भेटीत बाळाचं वजन तर होतंच, पण आईनेही आपल्या मनाचं सांगावं.

मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनी काय करायचं?

पाजणं सोडून बाकी सगळं दुसरं कोणीही करू शकतं. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, बाळाला फिरवणं, ही बाबाची कामं होऊ शकतात. दिवसातून एकदा तरी आईला सलग तीन-चार तास झोपू द्यावं. भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरावी. "आमच्या वेळी आम्ही नाही रडलो" हे वाक्य टाळावं.

आणि एक तारीख लक्षात ठेवावी. परंपरेने बारसं बाराव्या दिवशी असतं, आणि बेबी ब्लूज ओसरण्याचा काळही साधारण तोच. बारसं पुढे ढकललं तरी त्या सुमाराला एकदा तिच्याजवळ बसून विचारावं, "बाळाचं राहू दे, तू कशी आहेस?" उत्तर येईपर्यंत तिथून उठू नये.