कॅमेरा, कॉम्पॅक्ट डिजिटल

खिशात मावणारा, भिंग कायमचे जोडलेला व फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदकावर प्रतिमा टिपणारा कॅमेरा (पहा : छायाचित्रण).

उगम : विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी ही प्रकाशसंवेदी प्रयुक्ती शोधून काढली (पहा : अर्धसंवाहक). तिच्या आधारे ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये ०.०१ मेगापिक्सेलचा, सु. ३.६ किग्रॅ. वजनाचा प्रायोगिक कॅमेरा तयार केला. १९९५ मध्ये विक्रीस आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्यात टिपलेले चित्र मागील पडद्यावर लगेच पाहता येई. २००२ मधील कॅसिओ एक्झिलिम केवळ ११.३ मिमी. जाडीचा होता.

वैशिष्ट्ये : बहुतेक नमुन्यांत संवेदक सु. ६.२ × ४.६ मिमी. असतो. त्यामुळे भिंगाचे केंद्रांतर कमी असते, भिंग बंद अवस्थेत आत सरकते आणि जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात. मंद प्रकाशात मात्र चित्र कणीदार होते. केंद्रीकरण व उद्भासन स्वयंचलित असून फ्लॅश अंगभूत असतो. चित्रे सामान्यतः जेपीईजी स्वरूपात, तारीख-वेळेच्या नोंदीसह, मेमरी कार्डावर साठवली जातात.

महत्त्व : फिल्म व ती धुण्याचा खर्च उरला नाही आणि नको असलेले चित्र पुसता येऊ लागले. त्यामुळे समारंभ व सहलींपुरते मर्यादित असलेले घरगुती छायाचित्रण दैनंदिन झाले. २०१० मध्ये जपानी उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार सु. १२ कोटी डिजिटल कॅमेरे वितरित झाले. त्यांत बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. पुढे स्मार्टफोनच्या प्रसाराने मागणी घटली (पहा : भ्रमणध्वनी). कॅसिओ कंपनी २०१८ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली.