तासाभराची लोकल

गुडगावच्या प्रोजेक्टवर होतो तेव्हाची गोष्ट. आमचा टीम लीड अमृतसरचा. एका लाँग वीकएंडला तो आम्हा तिघा मराठी पोरांना घरी घेऊन गेला. शनिवारी सकाळी सुवर्णमंदिर, मग कुलचे, मग लस्सी असं सगळं यथासांग पार पडलं आणि दुपारी अटारीला रिट्रीट बघायला निघालो. शाळेत वाचलेला तो ग्रँड ट्रंक रोड हाच. वाटेतल्या एका पाटीवर लाहोर असं लिहिलेलं दिसलं आणि उगाच अंगावर काटा आला. मोबाइलवर अंतर बघितलं. अमृतसर ते लाहोर, साधारण ५० किलोमीटर.

मी डोंबिवलीचा. ५० किलोमीटर म्हणजे आमच्यासाठी अंतरच नाही. डोंबिवली ते सीएसएमटी जवळजवळ तेवढंच आहे, आणि माझ्या बाबांनी ते तीस वर्षं रोज दोन वेळा उभ्याने कापलं. म्हणजे फास्ट लोकल असती तर लाहोर तासाभरावर!

रात्री जेवताना हे बोलून दाखवलं तर लीडच्या आजी हसल्या. घरात सगळे त्यांना बीजी म्हणतात. वय नव्वदीला टेकलेलं. जन्म लाहोरचा, फाळणीच्या वेळी तेरा वर्षांच्या. म्हणाल्या, "अरे, होती की गाडी. आमचे पिताजी सकाळी अमृतसरला कापड घ्यायला जायचे आणि रात्रीच्या जेवणाला घरी असायचे."

परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. पुढचं सगळं त्या वाचनातून आलेलं.

सुरुवात रेल्वेपासून करू. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६२ मध्ये, अमृतसर–लाहोर रेल्वे सुरू झाली. लाहोर स्टेशनची पायाभरणी जॉन लॉरेन्सच्या हस्ते १८५९ मध्ये झाली होती. १८५७ ची धास्ती ताजी असल्यामुळे ते स्टेशन किल्ल्यासारखं बांधलंय, बुरुजांसकट.

पण या दोन शहरांचं नातं रेल्वेपेक्षा कितीतरी जुनं आहे. अमृतसर वसवणारे गुरू रामदास १५३४ मध्ये जन्मले ते लाहोरच्या चुना मंडीत. पाचवे गुरू अर्जुनदेव यांचा अंत १६०६ मध्ये लाहोरलाच झाला. इंग्रजी अमदानीत कोर्टकचेऱ्या आणि मोठी कॉलेजं लाहोरला, तर कापडाचा घाऊक व्यापार अमृतसरला. कामं अशी वाटून घेतल्यावर दोन्हीकडच्या लोकांना सारखं येणं-जाणं भागच होतं. आपल्याकडे मुंबई आणि कल्याणमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आखली तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

तशी सीमा तिथे खरंच आखली गेली. १७ ऑगस्ट १९४७ ला रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला आणि रेघ दोन शहरांच्या मधोमध, अटारी आणि वाघा या गावांमधून गेली. (आपण सर्रास "वाघा बॉर्डर बघून आलो" म्हणतो, पण वाघा पाकिस्तानात आहे. आपण बसतो ते अटारीला.) त्या महिन्यांत याच रुळांवरून प्रेतांनी भरलेल्या गाड्या दोन्ही दिशांनी आल्या. ते इथे पुन्हा लिहीत नाही. पण ते विसरून पुढचं काही समजणार नाही.

मला वाटायचं की १९४७ ला दार लागलं ते लागलंच. तसं नाहीये. दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसाची पद्धत आली ती १९५२ मध्ये. आणि त्यानंतरही एक भन्नाट प्रकार घडला. १९५५ च्या जानेवारीत विनू मंकडच्या कप्तानीखाली आपली टीम पाकिस्तानात खेळत होती. लाहोरची टेस्ट २९ जानेवारीला सुरू झाली, बाग-ए-जिना मैदानावर. या मॅचसाठी सीमा चक्क ढिली केली गेली आणि भारतातून हजारो लोक मॅच बघायला लाहोरला गेले. त्यातले कित्येक जण सकाळी जाऊन रात्री झोपायला अमृतसरला परत! फाळणीला तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती. मॅच ड्रॉ झाली. त्या सीरिजमधल्या पाचही मॅच ड्रॉच झाल्या, म्हणजे क्रिकेट बघायला म्हणून कोणी एवढी धडपड केली असेल असं वाटत नाही.

बीजींचे थोरले भाऊ त्या गर्दीत होते. लंचला मैदानातून सटकून ते जुन्या गल्लीत गेले, घरासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि दार न वाजवताच परत आले. "दाराचा रंग तोच होता," एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं म्हणे.

१९६५ च्या युद्धात रेल्वे बंद पडली. मग १९७१. मग १९७२ चा सिमला करार, आणि त्यातून पुढे २२ जुलै १९७६ ला अमृतसर–लाहोर समझौता एक्स्प्रेस सुरू झाली. सुरुवातीला ही गाडी रोज धावायची. १९९४ मध्ये ती आठवड्यातून दोनदा झाली. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. रोजची गाडी असली की माणूस ती गृहीत धरून आयुष्य आखतो. आठवड्यातून दोनदा असली की तिच्यासाठी खास बेत करावा लागतो. आपली लोकल उद्यापासून सोमवार-गुरुवारच धावेल असं ठरलं, तर डोंबिवली हे मुंबईचं उपनगर राहील का?

गंमत म्हणजे माणसांची ये-जा आटत असताना टीव्हीचे सिग्नल मात्र बिनधास्त ये-जा करत होते. १९७३ मध्ये अमृतसरला टीव्ही केंद्र सुरू झालं. आपले हिंदी सिनेमे लाहोरला दिसायचे आणि पाकिस्तान टीव्हीची नाटकं अमृतसरला. गच्चीवरचा अँटेना लाहोरकडे वळवून बीजी उर्दू मालिका बघायच्या. अँटेनाला व्हिसा लागत नाही!

आता बसची गोष्ट. २० फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसने वाघ्याला पोचले, दुसऱ्या दिवशी लाहोर जाहीरनामा झाला, आणि मार्चमध्ये दिल्ली–लाहोर बस नियमित सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत कारगिल. विशेष म्हणजे कारगिलच्या लढाईतही ही बस चालू होती. ती बंद झाली डिसेंबर २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर. २००३ च्या जुलैत बस परत आली, २००४ च्या जानेवारीत समझौता.

मग खरोखर आशेची दोन-तीन वर्षं आली. एप्रिल २००५ मध्ये श्रीनगर–मुझफ्फराबाद बस सुरू झाली. त्याच महिन्यात मुशर्रफ दिल्लीला आले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात अमृतसर–लाहोर बसचं नाव होतं. २० जानेवारी २००६ ला ती बस धावली. फेब्रुवारीत राजस्थान आणि सिंध जोडणारी थार एक्स्प्रेस ४१ वर्षांनी सुरू झाली. मार्चमध्ये मनमोहन सिंगांनी अमृतसर–नानकाना साहिब बसला झेंडा दाखवला. पुढच्या जानेवारीत त्यांनी एका भाषणात आपलं स्वप्न सांगितलं: नाश्ता अमृतसरला, दुपारचं जेवण लाहोरला आणि रात्रीचं काबूलला.

बसमध्ये गर्दी उसळली असेल ना? नाही! अमृतसर–लाहोर बस बऱ्याचदा मूठभर प्रवासी घेऊन धावायची. का, ते बीजींच्या उदाहरणावरून सांगतो. २००६ मध्ये त्या ७२ वर्षांच्या होत्या. हौसेने पासपोर्ट काढला. पण ५० किलोमीटरवरच्या लाहोरला जायचा व्हिसा मिळणार दिल्लीत, म्हणजे साडेचारशे किलोमीटर उलट्या दिशेला. अर्जात लाहोरमध्ये कोणाकडे उतरणार ते लिहायचं. आता फाळणीत ज्यांचं सगळं गणगोत इकडे आलं, त्यांनी तिथे कोणाचं नाव द्यायचं? व्हिसा मिळालाच तर तो ठरावीक शहरापुरता, वर पोलिसांकडे हजेरी. बीजींनी नाद सोडला.

आमच्या भाषेत सांगायचं तर नेटवर्कमध्ये काहीच बिघाड नाही, पोर्ट फायरवॉलने बंद करून ठेवलंय. दोन्हीकडे रूळ तेच १६७६ मिलिमीटर गेजचे, आपल्या लोकलचेच. रस्ता चांगला. बस कोरी करकरीत. पण योजना आखताना सगळं लक्ष गाडीवर, झेंड्यावर आणि फोटोवर. प्रवाशाने त्या गाडीपर्यंत पोचायचं कसं, हा प्रश्न दुय्यम.

तो प्रश्न कोणाला सुचलाच नाही असंही नाही. सप्टेंबर २०१२ च्या व्हिसा करारात ६५ वर्षांवरच्या लोकांना अटारी-वाघ्यालाच व्हिसा द्यायचं ठरलं होतं. नेमकं बीजींसाठीच! तारीखही ठरली, १५ जानेवारी २०१३. आणि ८ जानेवारीला नियंत्रण रेषेवर आपले दोन जवान मारले गेले. संताप स्वाभाविक होता. १५ तारखेला योजना सुरू व्हायच्या दिवशीच ती लांबणीवर पडली.

इथे कोणी म्हणेल की एवढे हल्ले होत असताना दार उघडं ठेवायचं कसं? प्रश्न रास्त आहे, आणि मी मेणबत्त्या घेऊन सीमेवर जाणाऱ्यांतला नाही. पण फेब्रुवारी २००७ मध्ये पानिपतजवळ दिवाना इथे समझौताच्या दिल्लीहून निघालेल्या गाडीत स्फोट झाले. जवळपास सत्तर माणसं होरपळून मेली, त्यात बरेचसे पाकिस्तानी प्रवासी होते. म्हणजे ही गाडी ज्यांना नको होती, त्यांनी तिच्यातल्या साध्या माणसांनाच गाठलं. तपासणी कडक हवी, याबद्दल वाद नाहीच. पण ७८ वर्षांच्या बाईची तपासणी अटारीला होऊ शकते की. त्यासाठी तिला दिल्ली कशाला दाखवायची?

आणि हे चालू शकतं याचा पुरावा आहे. ९ नोव्हेंबर २०१९ ला कर्तारपूर कॉरिडॉर उघडला. व्हिसा नाही, ऑनलाइन नोंदणी, जाताना पासपोर्ट दाखवायचा, २० डॉलर शुल्क, संध्याकाळपर्यंत परत. दिवसाला ५००० माणसांची सोय. आणि वेळ बघा! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ३७० कलमाच्या निर्णयानंतर समझौता, थार आणि दिल्ली–लाहोर बस, तिन्ही काही दिवसांच्या आत थांबल्या होत्या. संबंध इतके बिघडलेले असताना ही एक वाट उघडली, कारण तिचे नियम जाणाऱ्या माणसाच्या सोयीने लिहिले होते. बीजी नातवाबरोबर जाऊन आल्या.

अर्थात तीही टिकली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, दुसऱ्याच दिवशी अटारीची चेकपोस्ट बंद करायचा निर्णय झाला आणि मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कर्तारपूरची वाटही आपल्या बाजूने बंद झाली.

थोडक्यात काय, तर शेजारच्या दोन शहरांमधली गाडी ही दोन राजधान्यांनी एकमेकांना दिलेली भेट असेल, तर भांडण झालं की भेट परत घेतली जाणारच. १८६२ ची गाडी कोणी कोणाला भेट दिलेली नव्हती, ती कापडवाल्यांची आणि वकिलांची गरज होती. पुढे कधी पुन्हा बोलणी झालीच, आणि इतिहास बघता ती कधीतरी होतात, तर पहिली मागणी नव्या बसची नको. अटारीला व्हिसा देणाऱ्या एका खिडकीची हवी. बस काय, कोणीही खाजगीवाला चालवेल.

बीजींचा पासपोर्ट मी त्या रात्री हातात घेऊन बघितला. कर्तारपूरला शिक्का मारत नाहीत, त्यामुळे आतली सगळी पानं कोरी. मी विचारलं, लाहोरला गेलात तर पहिल्यांदा काय बघाल? म्हणाल्या, "दाराचा रंग. भाऊ खरं सांगत होता की नाही ते बघायचंय."

असो. सोमवारी सकाळी ८.१२ ची फास्ट पकडताना गर्दीला शिव्या घालण्याआधी एकदा हे आठवेन म्हणतो.