ज्यांची नावे शिळेवर नाहीत

श्रीमारुतीरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास जात आहे. या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा समितीने मला केली. मी इतिहासकार नव्हे, तालुक्याच्या कचेरीतील साधा कारकून. परंतु ज्याची नोंद राहते तेच पुढे टिकते, एवढे या नोकरीने मला शिकविले आहे.

आपल्या जिल्ह्यातील अंबाजोगाईचेच पाहा. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत धारातीर्थी पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिने तेथे देवालय बांधले. शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० च्या शिलालेखामुळे ही हकीकत आज आपणांस कळते. तसेच परळी वैजनाथाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी केला, हे तर लहान पोरही सांगेल. मात्र ते दगड कोणी फोडले, कोणी वाहिले, याची नोंद कोठे आहे? दान देणाऱ्याचे नाव राहिले, घाम गाळणाऱ्याचे पुसले गेले.

श्रमदान आपल्या मातीला नवे नाही. सन २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील तीन तालुक्यांत झाली व त्यांत अंबाजोगाई तालुका होता. तेथील गावकऱ्यांनी भर उन्हात कुदळ-फावडे घेऊन चर खोदले, बांध घातले.

आपले मंदिरही असेच उभे राहिले. वर्गणीदारांची यादी या अंकात आहेच. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, त्यांनी दिवस दिले. चैत्रात ऊसतोडीहून परतलेली मंडळी डोक्यावर उचल असतानाही पायाच्या खोदाईस आली. कोणी ट्रॅक्टर दिला, मायमाउल्यांनी गवंड्यांना भाकरी पुरविली, शाळकरी मुलांनी विटा पोचविल्या.

दर रविवारी हजेरीची वही मी ठेवीत असे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्याच सवयीने मीही एकट्या पुरुषाचे नाव लिहून पुढे ‘जोडी’ असे टाकी. एके दिवशी डोक्यावरची पाटी उतरवीत एक वहिनी म्हणाल्या, “भाऊसाहेब, देवाच्या दारात बी आमी अर्धाच कोयता का?” मी खजील झालो. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात बसावे तसा बसून सारी वही पुन्हा लिहिली.

म्हणून पुढील पानावर श्रमदात्यांची नावे छापली आहेत, नवऱ्याचे वेगळे, बायकोचे वेगळे. माघात कलशारोहण होईल तेव्हा यांतील पुष्कळ जण दूर कुठेतरी उसाच्या फडात असतील. त्यांना महाप्रसाद मिळणार नाही. निदान या स्मरणिकेची एक प्रत तरी प्रत्येक कोपीवर पोचावी, ही समितीस नम्र विनंती.

अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमा असावी व अवश्य कळवावे. वही अजून मिटलेली नाही.