परमुलखांतील अध्यापक आणि नाताळ

श्रोतेहो, नाताळ जवळ आला कीं सोलापुरांत ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी चांदण्या झळकूं लागतात, आणि माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्या मनांत एक विचार जागा होतो. अमेरिकन मराठी मिशननें आमच्या शहरांत शाळा काढल्या. वोरोनोको हें नांव अजूनहि येथें घरोघरीं ठाऊक आहे. त्या शाळांतून शिकविण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून आलेलीं माणसें आप्तांवांचून, बर्फावांचून, सोलापूरच्या कोरड्या थंडींत आपला सण करीत. सणाच्या दिवशीं परक्या गांवीं शिक्षकाला काय वाटत असेल? याच शहरांतून उलट वाटेनें चीनला गेलेल्या एका पुरुषाचें चरित्र वाचलें, तेव्हां या प्रश्नाचें उत्तर मला थोडेंफार उमगलें.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. जपानच्या आक्रमणानें चीन होरपळत असतां काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. डॉ. अटल त्याचे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि आमचे कोटणीस हे इतर सभासद. १ सप्टेंबर १९३८ रोजीं त्यांनीं मुंबईचा किनारा सोडला. त्या वर्षाचा नाताळ आला तेव्हां हें पथक चुंगकिंग येथें होतें. तेथेंच प्रत्येकाच्या चिनी नांवाला ‘हुआ’ हें अक्षर जोडलें गेलें. त्याचा अर्थ चीन. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. पुढें वडील वारल्याची वार्ता आली, तरी ते परतले नाहींत. फेब्रुवारी १९३९ मध्यें पथक येनानला पोहोंचलें.

सर्वसाधारणपणें लोक त्यांना शस्त्रवैद्य म्हणूनच ओळखतात; मला मात्र त्यांच्यांतला शिक्षक अधिक जवळचा वाटतो. डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडांतील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे पुत्र. चिनी सैनिकांची शुश्रूषा करतां करतां १२ नोव्हेंबर १९३९ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवें चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा १९४१ सालीं कोटणिसांकडे आली, आणि तेथील वैद्यकविद्यालयांत ते शिकवूंहि लागले. शिकविण्याची भाषा चिनी! विद्यार्थ्यांनीं आपली भाषा शिकावी, असा हट्ट न धरतां गुरूनेंच शिष्यांची भाषा आत्मसात केली. शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तकें लिहिण्याचा उद्योगहि त्यांनीं आरंभिला. शुश्रूषा शिकविणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशीं त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला, त्याचें नांव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन.

परंतु अपस्माराच्या विकारानें ९ डिसेंबर १९४२ रोजीं कोटणीस निवर्तले. वय अवघें बत्तीस, पुस्तक अपुरें. सोळा दिवसांनीं जगभर नाताळच्या घंटा वाजल्या. येशूच्या जन्माचे सोहळे होत होते, तेव्हां उत्तर चीनमधील एका खेड्यांत साडेतीन-चार महिन्यांचें बाळ पित्यावांचून आईच्या मांडीवर होतें. नाताळ आला कीं हें चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.

आजच्या चीनमध्यें नाताळची सार्वजनिक सुटी नसते. परंतु शहरांतील तरुण मंडळी आदल्या रात्रीं एकमेकांना सफरचंदें देतात. त्या रात्रीचें चिनी नांव ‘शांतीची रात्र’, आणि शांती व सफरचंद या दोन चिनी शब्दांचा आरंभींचा उच्चार एकच, ‘पिंग’. परका सण आपलासा करण्याची ही किती साधी रीत! कोटणिसांनीं परकें नांव, परकी भाषा, परके शिष्य असेच आपलेसे केले.

भैय्या चौकांतील त्यांच्या घराचें आतां स्मारक झालें आहे. श्रोतेहो, सवड काढून तेथें मुलांना न्या. आणि शेजारीं दूरदेशींचा कोणी शिक्षक सणाच्या दिवशीं एकटा असेल, तर त्याला फराळाला अवश्य बोलवा. आपलाहि एक मास्तर असाच कोणाच्या तरी दारीं राहिला होता.