ब्राऊन फॅट, गडचिरोली आणि माझ्या आईचा पदर

गेल्या आठवड्यात एका मित्राने रील पाठवली. बर्फाच्या टबात बसलेला एक पैलवान सांगतोय, थंडीने ‘ब्राऊन फॅट’ जागी होते आणि पोट उतरते. खाली आमच्याच एका मालवणकराची कमेंट : "आमचे रापणकार पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभे असतत, त्यांका इचारा!" हसलो. पण या चरबीशी माझी जुनी ओळख आहे, आणि ती हसण्यासारखी नाही.

सोळा वर्षांपूर्वीचा आषाढ. माझी मुलगी सात आठवडे आधी जन्मली, वजन पावणेदोन किलो. आम्ही होतो त्या दवाखान्यात सोय नव्हती, "मोठ्या ठिकाणी न्या" म्हणाले. बायको उठू शकत नव्हती. बाळ एका सुती फडक्यात गुंडाळून माझ्या आईच्या हातात दिले. बाहेर धो धो पाऊस, गाडीत एसी चालू. दहा मिनिटांत आई ओरडली, "अरे, चेडू थंड पडला! फडको ओलो आसा!" तिने फडके काढून फेकले, पोरीला छातीशी लावले आणि वरून पदर आणि माझी शाल घेतली. पोर रडतही नव्हती. थंड पडलेले बाळ रडत नाही, गप्प होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

मालवणात कसली आलीय थंडी, असे आपण म्हणतो. पण जन्मलेले बाळ ओले असते, आणि अंगावरचे पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते. थंडी वाजली की आपण कुडकुडतो, स्नायू थरथरून ऊब तयार करतात. नवजात बाळाला ते नीट जमत नाही. त्याच्यासाठी निसर्गाने वेगळी शेगडी ठेवली आहे. तीच ही तपकिरी चरबी : मानेपाशी, दोन खांद्यांच्या मध्ये, मूत्रपिंडांभोवती.

तिचा शोध कसा लागला ते ऐका. १५५१ मध्ये कॉनराड गेस्नर या स्विस पंडिताने मार्मोट या डोंगरी प्राण्याच्या पाठीत ना धड चरबी, ना धड मांस असा एक भाग पाहिला. हा प्राणी हिवाळाभर झोपतो, म्हणून पुढे लोक त्याला शीतनिद्रेची ग्रंथी समजत राहिले. चारशे वर्षे ते कोडेच होते. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये डॉकिन्स आणि हल यांनी सशाच्या नवजात पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की ही चरबी उष्णता तयार करते. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिच्यातले खास प्रथिन सापडले, आज त्याला यूसीपी-१ म्हणतात. साध्या पेशीत अन्न जळते तेव्हा त्यातून पेशीच्या कामाला लागणारे इंधन बनते. यूसीपी-१ मध्येच गळती लावते, म्हणून ती शक्ती कामाला न लागता सरळ उष्णता होते. गिअर न टाकता इंजिन रेस करावे, तसे.

आता या पेशी बनतात कशा? आपण समजतो चरबी म्हणजे चरबी. २००८ मध्ये अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने दाखवले, की पाठीतल्या तपकिरी पेशी स्नायूंच्या भाऊबंद आहेत. दोघांचे मूळ एकच, आणि पीआरडीएम-१६ नावाचा स्विच लागला की पेशी स्नायू न होता तपकिरी चरबी होते. गेस्नरने पाहिलेले ‘ना धड मांस’ अगदीच चुकीचे नव्हते! पोटातल्या बाळात हा साठा गर्भारपणाच्या उत्तरार्धात भरत जातो. सात आठवडे आधी आलेल्या पोरीची शेगडी अर्धीच भरलेली होती, ते असे.

शिवाय ही शेगडी फुकट पेटत नाही. तिला साखर, चरबी आणि भरपूर प्राणवायू लागतो. थंड पडलेले बाळ ऊब टिकवण्यात साठा संपवते, रक्तातली साखर उतरते, श्वास अडकतो. म्हणून दूध लवकर हवे, हवा स्वच्छ हवी. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेक-शेगडी, धुरी करतात. ऊब द्यायचा हेतू बरोबर, पण कोंडलेला धूर बाळाचा प्राणवायूच मारतो.

हे सगळे प्रयोगशाळेत राहिले असते, तर मी लिहिले नसते. आपल्याच महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था काढली. १९९० च्या दशकात ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना शिकवले : बाळाचे वजन करा, ताप मोजा, गुंडाळा, ऊब द्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्या. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ च्या डिसेंबरात ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासते, त्याच्या मुळाशी हे काम आहे. सगळे श्रेय उबेचे नाही, पण ऊब त्या यादीत होती. यंत्र नव्हते, थर्मामीटर आणि गोधडी होती.

आईने त्या गाडीत केले त्याला आता कांगारू मदर केअर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी ते सुरू केले, कारण इन्क्युबेटर पुरत नव्हते. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच असे छातीशी ठेवा म्हणते.

पोर वाचली. यंदा दहावीला आहे. पण एक सल राहिली. मी पत्रकार असून त्या ओल्या फडक्याची बातमी केली नाही. पुन्हा तिथेच जायचे आहे, हा विचार केला.

ती बातमी आज करतोय. आपल्या जिल्ह्यातून आजारी बाळे अजूनही गाडीत घालून लांब न्यावी लागतात. मोठी मागणी नाही. बाळ पाठवताना कोरडे फडके, टोपी, थर्मामीटर, एसी बंद, आणि शक्य असेल तर घरातल्या कुणाच्या तरी छातीशी. बाळाचे तापमान साडेछत्तीसच्या खाली गेले की ती धोक्याची घंटा, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवे. पहिली अंघोळ निदान एक दिवस थांबू दे, हे आजयेलाही सांगा.

बर्फात बसायचे त्यांनी बसावे. ज्यांची शेगडी अर्धीच भरली आहे, त्यांच्याकडे आधी बघूया.