अंडं चिकटलं, दोष कुणाचा?

उकडलेल्या अंड्याच्या टरफलाबरोबर पांढऱ्याचा लचका निघाला, की आपल्याकडे नांदेड-लातूरला निकाल ठरलेला असतो. अंडं जुनं असणार, दुकानदाराने गंडवलं. नाहीतर बोअरचं पाणी जड. तेही नसेल तर करणारीचा हात: मीठ घातलं नाही, सोडा घातला नाही, उतरवल्यावर गार पाण्यात टाकलं नाही. हा पूर्वपक्ष घरोघरी पक्का आहे आणि त्यापायी चांगली अंडी बदनाम होतात, म्हणून तो खोडून काढायला हवा.

जुनेपणाचा आरोप तर नेमका उलटा आहे. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा सामू 7.6 ते 7.9 च्या आसपास राहतो. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून तो वायू हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांत सामू 9 च्या वर चढतो. सामू कमी असताना उकडलं, तर पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतं. चढल्यावर ती पकड सुटते. म्हणजे चिकटणारं अंडं बहुधा ताजंच असतं. खात्री करायची तर कच्चं अंडं पाण्यात सोडावं. ताजं तळाशी आडवं पडतं, जुनं बोथट टोक वर करून उभं राहतं.

गावरान अंड्याचं टरफलच चिवट, असं म्हणणारेही आहेत. इथे जातीचा दोष नाही, दिवसांचा फरक आहे. राज्याला रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि इथे तयार होतात सव्वा कोटीपर्यंत, असं 2023 च्या सुरुवातीला पशुसंवर्धन खात्याने सांगितलं होतं. बाकीची तेलंगण, कर्नाटक, तामिळनाडूतून ट्रेमध्ये भरून येतात. दुकानात पोचेपर्यंत त्यांचे काही दिवस गेलेले असतात. परसातलं अंडं मात्र सकाळी खुराड्यातून काढून दुपारी पातेल्यात पडतं. तेच चार-सहा दिवस ठेवून उकडा, ते चिकटायचं कमी होईल.

पाण्यावरचा आळ एकाच पातेल्यात फिटतो. त्याच बोअरच्या पाण्यात आजचं गावरान आणि दुकानातलं जुनं अंडं शेजारी उकडा. पाणी दोघांना सारखंच, तरी पहिलं फाटतं आणि दुसरं सुटतं. मिठाचा उपयोग अंडं तडकलं तर होतो. बाहेर येणारं पांढरं लवकर गोठतं. सोड्याच्या बाजूने मात्र थोडं बोलता येतं, कारण सामू चढवणं हेच त्याचं काम. पण दहा-बारा मिनिटांत टरफलातून आत जाऊन तो कितीसं करणार? गार पाण्याने शिजणं थांबतं, बलकाभोवती हिरवट कडं धरत नाही. ते जरूर करावं, पण चिकटायचं ते त्याआधीच चिकटलेलं असतं.

मग खरं कारण कुठे आहे? सुरुवातीच्या आचेत. अंडी तडकू नयेत म्हणून गार पाण्यात ठेवून गॅस पेटवायचा, ही सगळीकडची शिकवण. पण सावकाश तापताना पांढऱ्याला पापुद्र्याशी जुळायला वेळ मिळतो. एकदम उष्णता लागली तर बाहेरचा थर लगेच गोठतो आणि पापुद्र्यापासून सुटा राहतो. जे. केंजी लोपेझ-आल्ट या अमेरिकन पाककला-लेखकाने शेकडो अंडी उकडून हाच निष्कर्ष काढला.

आणि उकळत्या पाण्याइतकंच काम वाफ करते. मराठवाड्यात ही गोष्ट मोलाची आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना अंड्यांसाठी पातेलंभर पाणी कशाला सांगायचं? दोन बोटं पाणी, वर मोदकपात्राची जाळी, वाफ धरली की अंडी ठेवून झाकण. बारा मिनिटं पुरतात. अंडी आदळत नाहीत, त्यामुळे तडकण्याची भीतीही कमी.

शाळेत ही पद्धत आणखी उपयोगी. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला. जिथे गावाने वर्गणी काढून अंडी द्यायची ठरवली, तिथे ढीगभर अंडी सोलणाऱ्या मदतनीस बाईंच्या हाताखाली प्रत्येक लचका म्हणजे एका पोराच्या ताटातला घास. त्यांनी वाफेवर उकडावं आणि सोलताना बोथट टोकाकडून सुरुवात करावी. तिथे हवेची पोकळी असते. टरफल तिथे ठेचून नख पापुद्र्याच्या खाली घालायचं, वर नाही, आणि भांड्यातल्या पाण्यात बुडवून सोलायचं. पापुद्रा हाती लागला की त्याच्याबरोबर टरफल सलग निघतं.