कॉमिकमधला बहादूर आणि कुंडलची तुफान सेना

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. तिच्या मराठी अंकांतला वेताळ परका होता. बहादूर मात्र इथल्याच मातीतला. आबिद सुरती यांनी १९७६ साली तो निर्माण केला. दरोडेखोर बापाचा हा मुलगा दरोडेखोरांविरुद्धच नागरिकांचे दल उभारतो. अशा कथांत खलनायक इतका क्रूर असतो की नायकाचा प्रत्येक ठोसा वाचकाला न्यायच वाटतो. पण कायदा हाती घेण्याचा हक्क त्याला दिला कोणी? खलनायक पडला की पुस्तक संपते आणि प्रश्नही मिटतो.

कुंडलला हा प्रश्न बहादूरच्या तीस वर्षे आधी खरोखर पडला होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. १९३९ च्या औंधच्या राज्यघटनेने गावच्या पंचायतीला न्यायनिवाड्याचे अधिकार दिले होते. बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांचे पोलीस भूमिगतांच्या मागे लागले आणि सातारा जिल्ह्यातल्या दरोडेखोरांना, गावगुंडांना रान मोकळे मिळाले. गरीब रयत दोन्हीकडून भरडली जाऊ लागली.

क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले ते या काळात. १९४३ साली कुंडलला तुफान सेना स्थापन झाली, जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड हे तिचे म्होरके. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ या तरुणांनी रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली. दरोडेखोर, खबरे आणि गुंड यांना पत्रीची शिक्षा मिळे, म्हणजे तळपायावर काठीचे फटके. घोड्यासारखे नाल ठोकतात अशी दंतकथा पसरली आणि प्रतिसरकारचे ‘पत्री सरकार’ झाले.

ही शिक्षा कठोर होती. तिच्यावर अपील नव्हते, हे आपण झाकून ठेवू नये. मात्र कुंडलचे वीर बुरखाधारी एकांडे शिलेदार नव्हते. गावोगावी न्यायदान मंडळे होती. जमिनीचे, सावकारीचे तंटे तिथे सुटत, आणि कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्नेही लागत. ज्यांच्यासाठी काठी उचलली, ते लोक समोरच बसलेले असत. त्यांनी भाकरी आणि आसरा दिला नसता, तर ही सेना आठवडाभरही तगली नसती.

खरी कसोटी पुढे लागली. १९४६ साली मुंबई प्रांतात लोकांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली आणि नाना पाटील उघडपणे लोकांत आले. पर्यायी सत्ता आवरती घेतली गेली. १९५७ साली तेच नाना पाटील मते मागून लोकसभेत गेले.

काठी उचलणारे पुष्कळ असतात. ती लोकांना विचारून उचलणारे आणि वेळ येताच खाली ठेवणारे थोडे. मुलांच्या हाती कॉमिक जरूर द्यावे. सोबत कुंडलची ही हकीकतही सांगावी.